विमान रखडल्यावर कंपनी आधी काय वाचवते, आणि ते ओळखून प्रवाशाने काय करावे

विमान उशिरा सुटणार असे कळले की प्रवाशाला साहजिकच वाटते, कंपनी आता आपल्याला लवकरात लवकर पोहोचवण्याच्या मागे लागली असेल. कंपनीच्या नियंत्रण कक्षात मात्र त्या वेळी वेगळेच प्रश्न चालू असतात: हे विमान आज रात्री कोणत्या विमानतळावर असायला हवे, वैमानिकांच्या कामाचे किती तास उरले आहेत, आणि उद्या सकाळचे वेळापत्रक कसे सावरायचे. प्रवाशांचा विचार होतो, पण विमान आणि क्रू यांचा हिशेब बसल्यानंतर. हा क्रम कोणाला निष्ठुर वाटेल, पण तो एकदा समजला की गेटवरच्या घोषणेची वाट न पाहता पुढे काय होणार याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, आणि कोणत्या वेळी कोणाकडे काय मागायचे हेही ठरवता येते.

एका विमानाचा दिवस

देशांतर्गत मार्गावरचे विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करते आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये जमिनीवर जेमतेम अर्धा-पाऊण तास थांबते. उदाहरणादाखल असे धरू की एक एअरबस ए३२० सकाळी ६ वाजता पुण्याहून दिल्लीला जाते, ११ वाजता पुण्यात परतते, दुपारी बेंगळुरू गाठते, तिथून नागपूर, नागपूरहून संध्याकाळी पुन्हा पुणे, आणि शेवटी पुणे–गोवा–पुणे अशी फेरी करून रात्री पुण्यात मुक्कामाला येते. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी दिल्लीत धुके पडले आणि हे विमान तिथे दोन तास अडकले, तर दुपारी लख्ख उन्हात नागपूरचे विमान धरायला बेंगळुरूच्या गेटवर बसलेल्या माणसाचाही खोळंबा होतो. आपल्या उशिराचा धुक्याशी काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या उशिराच्या सांकेतिक यादीत या प्रकाराला ९३ हा क्रमांक आहे: विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आले.

आता नियंत्रण कक्षापुढे तीन वाटा असतात. प्रत्येक थांब्यावर पाच-दहा मिनिटे वाचवत उशीर हळूहळू गिळायचा. दुसऱ्या विमानाशी अदलाबदल करायची. किंवा एक पूर्ण फेरी रद्द करून विमान पुन्हा वेळेवर आणायचे. दोन तासांचा उशीर पहिल्या वाटेने भरून निघत नाही. अदलाबदलीला मोकळे विमान लागते, आणि गर्दीच्या मोसमात ते सहसा नसते. राहता राहते तिसरी वाट, आणि त्यात बळी जाते ती संध्याकाळची पुणे–गोवा–पुणे फेरी. तीच का, हे पाहण्यासारखे आहे. ती रद्द केली तरी विमान पुण्यातच राहते, म्हणजे उद्या सकाळी ६ च्या दिल्ली फेरीला ते जागेवर तयार असते. नुसते बेंगळुरू–नागपूर रद्द केले असते, तर विमान बेंगळुरूत आणि त्याचे पुढचे प्रवासी नागपुरात, असा दुहेरी घोळ झाला असता. म्हणून कंपन्या जाणे आणि येणे अशी जोडीच रद्द करतात, आणि धुक्याचा फटका गोव्याच्या प्रवाशाला बसतो.

यावरून प्रवाशाला करता येण्याजोगी पहिली गोष्ट निघते. आपल्या फेरीसाठी कोणते विमान येणार आहे आणि ते आत्ता कुठे आहे, हे शोधावे. फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर फेरीचा क्रमांक टाकला की बहुतेक वेळा व्हीटी या अक्षरांनी सुरू होणारा विमानाचा नोंदणी क्रमांक दिसतो, आणि त्यावर बोट ठेवले की त्या विमानाच्या आधीच्या फेऱ्या दिसतात. सुटायला तास उरला असताना फलकावर ‘वेळेवर’ असे झळकत असेल, आणि आपले विमान अजून दुसऱ्या शहरातून निघालेलेही नसेल, तर फलकावर विसंबून राहू नये. विमान ऐन वेळी बदलले जाऊ शकते हे खरे, तरी दहा मिनिटांनी पुन्हा तपासले की तो बदलही दिसतो.

वैमानिकांचे घड्याळ

विमान हाताशी आहे, पण क्रूचे तास संपले आहेत, ही अडचण बाहेरून दिसत नाही आणि म्हणूनच ती प्रवाशांना सर्वांत जास्त चिडवते. वैमानिकाचा कामाचा काळ तो विमानतळावर हजर झाल्यापासून मोजला जातो. विमान जमिनीवर उभे असतानाही ते घड्याळ चालूच असते. तीन तास धावपट्टीच्या रांगेत गेले की तेवढे तास वजा होतात, आणि उरलेल्या वेळेत फेरी पूर्ण होणार नसेल तर वैमानिकाला ती घेता येत नाही. हा नियम सुरक्षेसाठी आहे आणि त्यात वैमानिकाशी हुज्जत घालण्याला काहीही अर्थ नाही.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हे नियम अलीकडेच अधिक कडक केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, आणि रात्रीच्या वेळेत एका वैमानिकाने करायच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. या बदलांचा पहिला टप्पा १ जुलै २०२५ ला आणि दुसरा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला. त्यानंतर महिनाभरात, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, इंडिगोचे वेळापत्रक कोलमडले आणि ५ डिसेंबरला एकाच दिवसात कंपनीची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. सरकारला देशांतर्गत भाड्यांवर तात्पुरती कमाल मर्यादा घालावी लागली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,००० रुपये, आणि मधल्या टप्प्यांना त्यामधले आकडे. विमाने धडधाकट असूनही ताफा जमिनीवर राहू शकतो, हे त्या आठवड्यात सर्वांनी पाहिले.

संध्याकाळनंतरच्या फेरीला दोन-अडीच तासांहून जास्त उशीर झाला असेल, तर गेटवरच्या कर्मचाऱ्याला ‘विमान कधी येणार’ यापेक्षा ‘क्रू हाच आहे की बदलणार आहे’ असे विचारावे. दुसरा क्रू बोलावला जात असेल तर फेरी जाण्याची शक्यता चांगली असते. उत्तर टाळले जात असेल, तर दुसऱ्या पर्यायाची चाचपणी सुरू करावी.

विमानतळाची अडचण

काही उशीर कंपनीच्या हातात नसतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तिथे एका वेळी एकच वापरली जाते, आणि पावसाच्या एका जोरदार सरीने निर्माण झालेली रांग विरायला तास लागतात. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आहे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे. तिथल्या धावपट्टीवर नागरी विमानांना लष्करी वेळापत्रक सांभाळून वागावे लागते. लहान विमानतळांना कामकाजाच्या ठरावीक वेळा असतात, आणि ती वेळ टळून जाणार असेल तर फेरी उशिरा जाण्याऐवजी थेट रद्द होते. फ्रँकफर्टसारख्या विमानतळावर रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत नियोजित उड्डाणांना बंदी आहे. अशी वेळेची भिंत ज्या फेरीपुढे असते तिला कंपनी आधी सोडते, आणि जिच्यापुढे भिंत नाही ती मागे राहते. दोन फेऱ्या एकाच वेळी रखडल्या असताना आपल्यानंतरची फेरी आपल्याआधी गेली, तर पक्षपाताचा आरोप करण्यापूर्वी ती कुठे जात होती हे पाहावे.

धुक्याचा प्रकार थोडा वेगळा आहे. दिल्लीत दृश्यमानता घसरली की दर तासाला उतरू शकणाऱ्या विमानांची संख्या कमी होते, आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची प्रवाह नियंत्रण यंत्रणा दिल्लीकडे येणाऱ्या विमानांना निघण्याच्या विमानतळावरच रोखून नवी वेळ ठरवून देते. कमी दृश्यमानतेत उतरण्याचे प्रशिक्षण असलेले वैमानिक आणि तशी उपकरणे असलेले विमान या दोन्ही गोष्टी ज्या फेरीकडे आहेत, तिला कंपनी पुढे काढते. अशा दिवशी अनेकदा प्रवाशांना आत बसवून, दरवाजे बंद करून मग वाट पाहिली जाते. कारण हाक आली की तयार असलेले विमान निघते, आणि जे तयार नसते त्याचा क्रम जातो. आत बसून कंटाळा येतो, पण गेटवर बसण्यापेक्षा ते बहुतेक वेळा चांगले लक्षण असते.

रद्द होणार की रखडणार

इतके कळल्यावर आपल्या फेरीचे भवितव्य स्वतःच जोखता येते. त्याच कंपनीच्या त्याच मार्गावर त्या दिवशी आणखी फेऱ्या असतील, जशा मुंबई–दिल्लीला असतात, तर आपली फेरी रद्द होण्याचा धोका वाढतो, कारण प्रवासी पुढच्या विमानात सामावता येतात. दोन अर्ध्या भरलेल्या फेऱ्या एक करण्याचा मोह तर कंपनीला नेहमीच असतो. दिवसातली एकुलती एक फेरी असेल तर कंपनी ती रखडवत का होईना पण नेण्याचा प्रयत्न करते. रात्रीची जी फेरी विमानाला मुक्कामाच्या गावी पोहोचवते ती सहसा टिकते, कारण तिच्यावर उद्याची सकाळ अवलंबून असते. एसटीची मुक्कामी गाडी गावात पोहोचलीच नाही तर सकाळची पहिली फेरी कोणी करायची, हा जो हिशेब डेपोत असतो, तोच इथे आहे.

यात एक आर्थिक बाजूही आहे, आणि ती स्पष्टच सांगायला हवी. भारतात देशांतर्गत फेरीला नुसता उशीर झाला तर डीजीसीएच्या नियमांत रोख भरपाई नाही; जेवण, पर्यायी विमान, परतावा आणि काही वेळा हॉटेल एवढेच आहे. ऐन वेळी रद्द केले तर मात्र भरपाई आणि परतावा दोन्ही गळ्यात पडू शकतात. त्यामुळे अर्धा-अर्धा तास वेळ पुढे ढकलत राहण्याकडे कंपन्यांचा कल असतो, असे माझे मत आहे. कारण विचारले की ‘ऑपरेशनल’ हा एकच शब्द पुढे करून ताकास तूर लागू दिली जात नाही. तीन वेळा वेळ बदलली आणि तिन्ही वेळा कारण एवढेच मिळाले, तर रद्द होण्याची तयारी ठेवलेली बरी.

या प्रवृत्तीला थोडा चाप बसला तो जानेवारी २०२४ मध्ये. धुक्यामुळे गोवा–दिल्ली विमान मुंबईकडे वळवले गेले आणि प्रवाशांनी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवण केले. ती दृश्ये देशभर फिरली. डीजीसीएने लगेच कंपन्यांना आदेश दिला की उशिराची ताजी आणि अचूक माहिती संकेतस्थळावर आणि एसएमएस, व्हॉट्सॲप, ईमेलने द्यावी, आणि तीन तासांहून अधिक उशीर होण्याची शक्यता असेल तर फेरी पुरेशी आधी रद्द करण्याची मुभाही दिली.

किती वाजता काय मागावे

वेळेत चेक-इन केलेले असणे ही पहिली अट. फेरीचा नियोजित कालावधी अडीच तासांपर्यंत असेल, म्हणजे पुण्या-मुंबईहून देशातल्या बहुतेक शहरांसाठी, तर दोन तासांच्या उशिरानंतर खाणेपिणे देणे कंपनीला बंधनकारक आहे. अडीच ते पाच तासांच्या फेरीला ही मर्यादा तीन तासांची आणि त्याहून लांबच्या फेरीला चार तासांची. कूपन आपणहून वाटले जाईलच असे नाही. गेटवर जाऊन बोर्डिंग पास दाखवून मागावे.

देशांतर्गत फेरीला सहा तासांहून अधिक उशीर अपेक्षित असेल, तर नवी वेळ चोवीस तास आधी कळवून, सहा तासांच्या आत पर्यायी विमान किंवा तिकिटाचा पूर्ण परतावा यांपैकी निवड प्रवाशाला द्यावी लागते. इथे घाई करू नये. रागाच्या भरात परतावा घेतला की कंपनीची आपल्याला पोहोचवण्याची जबाबदारी संपते, आणि त्याच संध्याकाळचे दुसऱ्या कंपनीचे तिकीट दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावे लागते. आधी दुसरीकडचे भाडे आणि शिल्लक जागा पाहावी, मगच हातचे सोडावे. हॉटेलचा हक्क उशीर चोवीस तासांहून अधिक असल्यास मिळतो; पण रात्री ८ ते पहाटे ३ या वेळेत सुटणाऱ्या फेरीला सहा तासांहून अधिक उशीर झाला तरी तो मिळतो, आणि नेमके हेच बहुतेकांना माहीत नसते.

फेरी रद्द झाली आणि तसे वेळेत कळवले नाही, तर पर्यायी विमान किंवा परताव्याखेरीज भरपाई आहे: एक तासापर्यंतच्या फेरीला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० आणि त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, संप, सुरक्षा अशा कंपनीच्या आवाक्याबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू होत नाही. म्हणूनच कारण लेखी मागावे, किंवा निदान कंपनीचा संदेश जपून ठेवावा. आणखी एक अट अनेकांना नडते. तिकिटावर प्रवाशाचा संपर्क नीट नोंदलेला नसेल तर भरपाई मिळत नाही. गावातल्या एजंटाकडून तिकीट काढताना तो सोयीसाठी स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकतो. मग विमान रद्द झाल्याचा संदेश एजंटाच्या फोनवर पडून राहतो आणि वयस्कर आई-वडील पहाटे तीनला विमानतळावर पोहोचतात. तिकीट हातात आले की त्यावरचा क्रमांक आपला आहे का, हे आधी पाहावे.

उरलेल्या जागा कोणाला

शंभरावर प्रवासी अडकले आहेत आणि पुढच्या विमानात वीस जागा आहेत, अशा वेळी निवड होतेच. एकटे प्रवास करणारे मूल, व्हीलचेअरवरचा किंवा आजारी प्रवासी यांना आधी घेतले जाते, आणि त्यात कोणाचे दुमत नसावे. त्यांच्या पाठोपाठ एकाच तिकिटावर पुढचे आंतरराष्ट्रीय विमान असलेले येतात, कारण ते चुकले तर कंपनीला मोठा खर्च येतो. मग कंपनीच्या वरच्या श्रेणीचे सदस्यत्व असलेले आणि महाग भाड्याचे प्रवासी. आणि मग बाकीचे, ज्यांच्यात जो आधी विचारतो त्याला आधी मिळते. अमेरिकेत जादा तिकिटे विकली गेल्यास कोणाला मागे ठेवायचे याचे प्राधान्यनियम कंपनीला लेखी ठेवावे लागतात. युरोपीय संघाचा नियमही हालचालीस अडचण असलेल्यांना आणि एकट्या मुलांना अग्रक्रम देतो.

आपण ‘बाकीचे’ या गटात असू तर वेग हेच भांडवल. काउंटरच्या रांगेत उभे राहावे, त्याच वेळी ॲप उघडावे आणि घरच्या कोणाला तरी कंपनीच्या क्रमांकावर फोन लावायला सांगावे. जागा ज्या मार्गाने आधी मिळेल त्या मार्गाने घ्यावी. इंडिगोच्या संकेतस्थळावर ‘प्लॅन बी’ या नावाने विमान बदलण्याची किंवा परताव्याची सोय आहे, आणि रद्द झाल्याची घोषणा होऊन रांग लागेपर्यंत तिथे काम झालेले असते. काउंटरवर गाऱ्हाणे लांबवण्याऐवजी ‘रात्री ९ च्या मुंबई फेरीत दोन जागा दिसत आहेत, त्या द्या’ असे नेमके सांगितले तर समोरच्याचेही काम सोपे होते. पुण्याचे विमान नसेल तर मुंबई चालेल, दाबोळीऐवजी मोपा चालेल, हे आपणहून सांगावे. यंत्रणा असे पर्याय स्वतः सुचवेलच असे नाही. कोल्हापूरहून मुंबईला एका तिकिटावर आणि तिथून दुबईला दुसऱ्या वेगळ्या तिकिटावर जाणाऱ्याला मात्र पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकल्यास कोणतीही कंपनी दाद देत नाही. दोन तिकिटांतले वाचलेले दोन हजार रुपये अशा वेळी फार महाग पडतात.

युरोपातून भारताकडे निघणाऱ्यांची गोष्ट वेगळी. युरोपीय संघातून सुटणारे कोणतेही विमान, मग कंपनी भारतीय का असेना, तीन तासांहून अधिक उशिरा पोहोचले आणि कारण असाधारण नसेल, तर युरोप–भारत इतक्या लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. उलट दिशेने, मुंबईहून फ्रँकफर्टला जाताना, हा हक्क विमान युरोपीय कंपनीचे असेल तरच मिळतो. लंडनहून निघणाऱ्यांसाठी ब्रिटनने तसाच नियम ठेवला असून रक्कम ५२० पौंडांपर्यंत आहे.

तिकीट काढताना आणि नंतर

महत्त्वाच्या कामाला जायचे असेल तर सकाळची पहिली फेरी घ्यावी. तिचे विमान रात्रीपासून जागेवर उभे असते आणि आदल्या फेरीचा उशीर तिला वारशाने मिळत नाही. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी या धुक्याच्या मोसमात दिल्ली आणि उत्तरेकडच्या शहरांसाठी मात्र हाच सल्ला उलटा होतो. तेव्हा दुपारची फेरी बरी. डीजीसीए दर महिन्याला कंपन्यांच्या वेळेवर उड्डाणांची टक्केवारी जाहीर करते, ती तिकीट काढण्याआधी चाळावी, पण त्यात पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर ‘वेळेवर’ धरला जातो हे ध्यानात ठेवावे.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करावी, उत्तर न आल्यास नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा ॲपवर किंवा पोर्टलवर. सोबत बोर्डिंग पास, पीएनआर, वेळ बदलल्याचे सर्व संदेश आणि खर्चाच्या पावत्या जोडाव्यात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगाकडे न्यावे लागलेच, तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे ते प्रवासी जिथे राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. विमान दिल्लीत अडकले म्हणून सांगलीच्या माणसाला दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत.